कपाळावरचा हात

दूध करपतं तेव्हा वरून काही कळत नाही. साय नेहमीसारखी धरते, रंगही पांढराच राहतो. तळाला पातळसा तपकिरी थर बसलेला असतो आणि त्याचा वास सगळ्या पातेल्याला लागलेला असतो. त्या दुधाचा चहा करा नाहीतर विरजण लावा, वास काही जात नाही.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या सुरुवातीला माझं तसं झालं होतं. मी एका दैनिकात पंधरा वर्षं रात्रपाळी करत होते. शेवटचं पान सोडून डोंबिवलीला घरी यायला पहाटेचे तीन वाजायचे. साडेसहाला आई जागी व्हायची. त्याच्या तीन वर्षं आधी तिची उजवी बाजू लुळी पडली होती. तिला उठवणं, अंग पुसणं, भरवणं, व्यायाम करून घेणाऱ्या बाईंसाठी खोली आवरून ठेवणं, दुपारी दोन तास पडणं आणि पाचच्या लोकलला पळणं, असा दिवस होता. मला कोणी विचारलं की मी म्हणायचे, चाललंय.

एका रात्री बस दरीत कोसळल्याची बातमी हातात आली. मृतांचा आकडा वाचला आणि माझ्या मनात एकच विचार आला, की हा मथळा दोन ओळींत बसेल. बाकी काहीच आलं नाही. मी मथळा बसवला, पान सोडलं, घरी आले. सकाळी आईच्या हातून पेज सांडली तेव्हा मी तिच्यावर इतक्या जोरात ओरडले, की शेजारच्या वहिनी दाराशी येऊन उभ्या राहिल्या. आई काही बोलली नाही. डाव्या हाताने चादर पुसत राहिली. त्या सकाळी मला माझीच भीती वाटली.

दुपारी मावशी आली. आईची धाकटी बहीण, तीस-बत्तीस वर्षं सरकारी रुग्णालयात परिचारिका होती. निवृत्तीनंतर ती रेकी, म्हणजे हात ठेवून करायचा उपचार, शिकली होती आणि त्यावरून आमचे वादही झाले होते. त्या दिवशी मी वाद घालण्याच्या अवस्थेत नव्हते. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अगं, इथं पड जरा. काही करायचं नाहीये तुला." मी आईच्या शेजारच्या खाटेवर आडवी झाले. तिने पडदा ओढला, माझा फोन उचलून स्वयंपाकघरात ठेवला आणि माझ्या कपाळावर हात ठेवला.

तो हात कपाळावर किती वेळ होता ते मला सांगता येणार नाही. मी जागी झाले तेव्हा दिवेलागण झाली होती, आईचं जेवण झालं होतं आणि मावशी चहाचं आधण ठेवत होती. गेल्या कित्येक महिन्यांत मी इतकी झोपले नव्हते. त्या हातात नेमकं काय होतं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे. हा लेख त्याच्या शोधातून आला.

*

आधी त्या करपण्याला नाव शोधलं. शीण, शिणवटा, थकवा हे शब्द आपल्याकडे आहेत, पण शीण झोपेने जातो. जे झोपेने जात नाही त्याला हल्ली सगळेच बर्नआउट म्हणतात. हा शब्द कुठून आला ते वाचायला घेतलं आणि पहिल्याच पानावर मला ओळखीचा माणूस भेटला.

हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर हे न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ. नाझी जर्मनीतून लहानपणी निसटून ते अमेरिकेत आले. १९७०च्या आसपास ते दिवसभर स्वतःचे रुग्ण तपासत आणि संध्याकाळी शहराच्या गरीब वस्तीतल्या मोफत दवाखान्यात जाऊन रात्री उशिरापर्यंत काम करत. तिथे व्यसनाधीन तरुण येत, आणि पार संपून गेलेल्या व्यसनी माणसाला त्या रस्त्यावर 'बर्नआउट' म्हणत. दवाखान्यात जीव ओतून काम करणारे स्वयंसेवक वर्षभरात चिडचिडे, कोरडे, रुग्णांवरच वैतागणारे होत चाललेत, हे फ्रॉयडेनबर्गरना दिसू लागलं. मग ते स्वतःच कोसळले. कुटुंबासोबत सुट्टीवर निघायच्या दिवशी त्यांना अंथरुणातून उठताच येईना. त्यांनी स्वतःचं बोलणं टेपवर ध्वनिमुद्रित केलं आणि एखाद्या रुग्णाचं ऐकावं तसं ते पुन्हा ऐकलं. १९७४ मध्ये त्यांनी या अवस्थेवर जो निबंध लिहिला, त्यात रस्त्यावरचा तोच शब्द वापरला.

म्हणजे कामाने येणाऱ्या अवस्थेचं नाव म्हणून हा शब्द आधी सेवा करणाऱ्यांसाठी आला. गलेलठ्ठ पगाराच्या नोकऱ्यांना तो नंतर चिकटला. कॅलिफोर्नियातल्या क्रिस्टिना मास्लाक यांनीही आपलं संशोधन परिचारिका, समाजसेवक, वकील अशा माणसांशी रोज गाठ पडणाऱ्या लोकांपासून सुरू केलं. १९८१ मध्ये सुझन जॅक्सन यांच्यासह त्यांनी जी मोजपट्टी प्रसिद्ध केली ती आजही वापरतात. तिच्यात तीन गोष्टी बघतात: मन रिकामं झाल्यासारखं वाटणं, समोरच्या माणसाबद्दल कोरडेपणा येणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं. दुसरं लक्षण वाचताना मला दरीत कोसळलेली ती बस आठवली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटला जागा दिली, पण आजार म्हणून दिली नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्यामुळे येणारी, कामाशी निगडित अवस्था, अशी तिची व्याख्या आहे, आणि आयुष्याच्या इतर भागांसाठी हा शब्द वापरू नये, असंही तिथे म्हटलं आहे. या व्याख्येपाशी मी बराच वेळ अडले. रात्री दहाला पान लावणं हे काम, आणि सकाळी सातला आईची कूस बदलणं हे काम नव्हे? ज्या श्रमाला पगार नाही त्याने येणारा थकवा या व्याख्येत बसत नाही. तो बहुतेक बायकांच्या वाट्याचा असतो, म्हणून इथे मी तो मोजते.

*

मावशीच्या दिवाणखान्यात दर रविवारी सकाळी चार-पाच जणी रेकीसाठी जमतात. बहुतेक तिच्या हाताखाली शिकलेल्या परिचारिका, एखादी शिक्षिका. मध्यंतरी हिंजवडीत काम करणारा एक तरुण महिन्यातून एकदा पुण्याहून यायचा. जमिनीवर सतरंजी, तिच्यावर गादी, कोपऱ्यात समई. एक जण झोपतं, दुसरं त्याच्या डोक्यावर, खांद्यांवर, पोटावर, गुडघ्यांवर काही मिनिटं हात ठेवत जातं. तासभर कोणी बोलत नाही. त्यातली एक परिचारिका अतिदक्षता विभागात काम करते. तिला मी विचारलं, तुला काय मिळतं इथे? ती म्हणाली, "ताई, आठ तास मी दुसऱ्यांना हात लावत असते. मला कोण लावतं?"

रेकीचा उगम जपानमधला. मिकाओ उसुई यांनी १९२२ मध्ये क्योतोजवळच्या कुरामा डोंगरावर एकवीस दिवस उपवास केला आणि तिथे त्यांना ही विद्या लाभली, असं त्यांच्या शिष्यांनी उभारलेल्या स्मृतिशिळेवर कोरलेलं आहे. पुढच्याच वर्षी तोक्यो परिसराला मोठ्या भूकंपाने उद्ध्वस्त केलं, तेव्हा ते जखमींवर उपचार करत फिरले. १९२६ मध्ये ते गेले. त्यांचे शिष्य चुजिरो हायाशी नौदलातले निवृत्त अधिकारी होते आणि तोक्योत त्यांनी उपचारकेंद्र चालवलं.

मला मात्र या इतिहासात जवळची वाटली ती हवायो ताकाता. हवाईतल्या काउआई बेटावर उसाच्या मळ्यात राबायला आलेल्या जपानी जोडप्याची ही मुलगी, १९०० साली जन्मलेली. तिशीच्या उंबरठ्यावर नवरा गेला, पदरात दोन लहान मुली. पुढची पाच वर्षं तिने अखंड कष्ट केले आणि १९३५ मध्ये खंगलेल्या अवस्थेत ती जपानला पोचली. पोटाचं दुखणं होतं, शस्त्रक्रिया ठरली होती. ती टाळून ती हायाशींच्या केंद्रात गेली, असं ती सांगत असे. तिथे दोन-दोन माणसं एकेका रुग्णावर हात ठेवून बसत. त्या हातांतून इतकी ऊब येत होती, की तिला संशय आला आणि तिने एकाच्या किमोनोची बाही धरून आत एखादं विजेचं यंत्र लपवलंय का ते बघितलं. काही महिन्यांनी ती बरी झाली, मग तिथेच शिकली, हवाईला परतली आणि १९८० मध्ये मृत्यू येईपर्यंत शिकवत राहिली. जपानबाहेर जी रेकी पसरली ती प्रामुख्याने तिच्यापासून.

ताकाताची गोष्ट सहसा चमत्कार म्हणून सांगतात. मी ती वाचली तेव्हा मला एक तरुण विधवा दिसली, जिने पाच वर्षं सगळ्यांचं केलं होतं. महिनोन् महिने रोज कुणीतरी तिच्यापाशी शांत बसावं, हे तिच्या बाबतीत त्याआधी कधी घडलं असेल का? आणि तिने बाही धरून बघितली, याचं मला फार कौतुक वाटतं. बरं वाटत असतानाही तिला खात्री करून घ्यावीशी वाटली.

*

मग आपणही बाही धरून बघायला हवी.

१९९६ मध्ये अमेरिकेतल्या कोलोराडोत एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एक प्रयोग केला. 'थेराप्यूटिक टच' ही पद्धत तेव्हा तिथल्या परिचारिकांमध्ये बरीच पसरली होती. न्यूयॉर्कमधल्या परिचर्येच्या प्राध्यापक डोलोरेस क्रीगर आणि थिऑसॉफिस्ट डोरा कुंझ यांनी ती सत्तरच्या दशकात सुरू केली. रुग्णाच्या शरीरापासून काही सेंटिमीटरवर हात फिरवून त्याचं ऊर्जाक्षेत्र जाणता येतं, असा तिचा दावा. त्यामागची कल्पना समजावताना क्रीगर आपलाच 'प्राण' हा शब्द वापरत. एमिलीने एक पुठ्ठा उभा केला, त्याला खाली दोन भोकं पाडली आणि उपचारकाला त्यातून दोन्ही हात पुढे करायला सांगितले. नाणं उडवून ती स्वतःचा हात त्यांतल्या एका हातावर धरायची आणि विचारायची, माझा हात कुठल्या हातावर आहे? एकवीस उपचारकांनी एकूण २८० वेळा उत्तरं दिली. १२३ बरोबर आली, म्हणजे शंभरात ४४. डोळे झाकून अंदाज केला तरी पन्नासच्या आसपास आली असती. १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात हा प्रयोग छापून आला.

रेकीचीही स्थिती फार वेगळी नाही. चिंता आणि नैराश्यावर रेकीचा उपयोग होतो का, याचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये घेतला. होतो किंवा होत नाही असं ठामपणे सांगण्याइतका पुरावा तिला मिळाला नाही. हातातून वाहणारी ऊर्जा आजवर कुठल्या यंत्रावर उमटलेली नाही.

हे मी मावशीला वाचून दाखवलं. ती परिचारिका आहे, तापमापकावर विश्वास ठेवणारी. थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "मला वाटतं, काहीतरी जातं. तुला नाही वाटलं तरी चालेल. पण हात ठेवायचा तर मन दुसरीकडे ठेवून चालत नाही, एवढं मला माहीत आहे."

तिच्या या वाक्याला आधार देणारा एक अभ्यास आहे. हार्वर्डचे टेड कॅप्चुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तो प्रसिद्ध केला. आतड्याच्या जुनाट तक्रारी असलेल्या २६२ रुग्णांचे तीन गट पाडले. पहिल्या गटाला नुसतं प्रतीक्षायादीत ठेवलं. दुसऱ्या गटाला खोट्या सुया लावल्या. नाटकातला खंजीर जसा मुठीत मागे सरकतो, तशी ती सुई टोचल्यासारखी वाटते पण आत जात नाही. तिसऱ्या गटालाही त्याच खोट्या सुया लावल्या, पण त्याआधी उपचारक पाऊण तास त्या माणसापाशी बसला, दुखण्याबद्दल विचारलं, ऐकून घेतलं, मध्ये गप्प राहिला. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडला असं सांगणारे पहिल्या गटात शंभरात २८ होते, दुसऱ्यात ४४ आणि तिसऱ्यात ६२. सुई दोन्हीकडे खोटी होती. वाढलेला आराम त्या पाऊण तासाने दिला.

मावशीच्या त्या दुपारी काय काय होतं, ते मी आता मोजू शकते. अंधारलेली खोली, दूर ठेवलेला फोन, आईकडे बघणारं दुसरं माणूस, कपाळावर उबदार हात आणि माझ्याकडून कशाचीही अपेक्षा नसलेले काही तास. यातली एकेक गोष्ट साधी आहे. पण त्या सगळ्या एका वेळी माझ्या वाट्याला तीन वर्षांत आल्या नव्हत्या.

*

हे सगळं आपल्याकडे होतंच. फक्त त्याला उपचार म्हणायची कुणाला गरज वाटली नाही.

बाळंतिणीला सव्वा महिना अंग चोळून आंघोळ, शेकशेगडी, डिंकाचे लाडू. त्या प्रथेत विटाळाची शिवाशिवही होती आणि ती गेली ते बरंच झालं. पण चाळीस दिवस या बाईने कामाला हात लावायचा नाही, हे घराने तिथे मान्य केलेलं होतं. माहेरपणात सकाळी उशिरा उठण्याची परवानगी असते. मूल किरकिरलं की आजी मीठ-मोहरी हातात घेऊन दृष्ट काढते. मोहरी तडतडल्याने मुलाच्या अंगातून काही जात नाही. पण दिवसभर सगळ्यांच्या हातून फिरून दमलेलं ते मूल त्या पाच मिनिटांपुरतं एका माणसाच्या पूर्ण नजरेत असतं. आणि दिवाळीची सुरुवातच तेलाच्या वाटीने होते. नरकचतुर्दशीला पहाटे पाटावर बसवून आई डोक्यावर कोमट तेल जिरवते, पाठीला उटणं लावते. मोठ्या माणसाच्या अंगाला आई हात लावते असा वर्षातला तो बहुधा एकच दिवस.

या स्पर्शासाठी शरीरात वेगळी सोय आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की आपल्या लव असलेल्या त्वचेत काही मज्जातंतू असे आहेत, जे सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर या संथ गतीने फिरणाऱ्या उबदार हातालाच सर्वांत चांगला प्रतिसाद देतात. त्यांना सी-टॅक्टाइल तंतू म्हणतात. वस्तू खडबडीत आहे की गुळगुळीत, हे सांगणं त्यांचं काम नाही. कुणीतरी जवळ आहे, ही खबर ते मेंदूच्या भावनांशी संबंधित भागाला पोचवतात. लहान मुलाला कुरवाळताना आईचा हात न शिकवता याच गतीने फिरतो.

यंदा पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या तेव्हा मी मुद्दाम गेले. वारकऱ्यांचे पाय चेपून देणारी माणसं तिथे दरवर्षी असतात. एका शाळेच्या पटांगणात साठी उलटलेले शेतकरी भिंतीला टेकून बसले होते आणि विशी-तिशीतली मुलं-मुली त्यांच्या पायांना तेल चोळत होती. "माउली, दुखतंय का इथं?" असं विचारलं जात होतं. भेगाळलेल्या टाचा, घट्टे, फोड आलेली बोटं. एका आजोबांनी डोळे मिटले होते आणि त्यांचा पाय एका मुलीच्या मांडीवर होता. मी तिला विचारलं, तू काय करतेस एरवी? संगणकावर, म्हणाली, रोज दहा-अकरा तास. मग स्वतःहून म्हणाली, "वर्षभरात मी केलेल्या कामाने कुणाला बरं वाटलं का, ते मला कळत नाही. इथं लगेच कळतं."

*

प्राण या शब्दाचा विषय निघाला की मला लोणावळ्याची आठवण होते. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये तिथे कैवल्यधाम सुरू केलं. त्यांची योगावर गाढ श्रद्धा होती. तरीही त्यांनी पहिलं काय केलं, तर नौली आणि उड्डियान या पोटाच्या क्रिया करणाऱ्या माणसाला क्ष-किरण यंत्रापुढे उभं केलं आणि पोटात दाब किती बदलतो ते मोजलं. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक काढून असे प्रयोग छापायला घेतले. ऊर्जेचा उपचार देणाऱ्या आणि घेणाऱ्या प्रत्येकाने हा मार्ग डोळ्यांपुढे ठेवावा, असं मला मनापासून वाटतं. मोजता येतं ते मोजावं. मोजण्यात उतरलं नाही तर तसं सांगावं.

या मार्गाने गेलेल्यांना काही ठोस हातीही लागलं. इटलीतल्या लुचियानो बर्नार्दी यांनी २००१ मध्ये दाखवलं, की जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना म्हणा किंवा योगातला मंत्र म्हणा, श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ होतो आणि हृदयाची लय त्याच्याशी जुळत जाते. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. संध्याकाळी देवापुढे बसून सावकाश केलेल्या जपाचा शरीराला होणारा फायदा असा कागदावर उतरला.

मोजण्याचा आग्रह मी का धरते, तेही सांगते. रविवारच्या बैठकीत मला घेण्याआधी मावशीने मला प्रयोगशाळेत पाठवलं होतं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-बारा. माझं हिमोग्लोबिन नऊच्याही खाली निघालं. लोहाच्या गोळ्या तीन महिने चालल्या. "रक्त कमी असलेल्या बाईला मी नुसता हात लावत बसले तर तो गुन्हा आहे," असं ती म्हणाली. सगळीकडे अशी मावशी नसते. लेव्हल वन, लेव्हल टू, मास्टर अशा पायऱ्या आणि प्रत्येक पायरीचं शुल्क. ताकाताने सत्तरच्या दशकात मास्टर करण्यासाठी दहा हजार डॉलर घ्यायला सुरुवात केली होती, तेव्हापासून या विद्येला बाजार जोडलेला आहे. नैराश्याच्या गोळ्या बंद करा, गाठ विरघळेल, हजार मैलांवरून ऊर्जा पाठवतो, असं कुणी सांगितलं की तिथून उठावं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात आलेला जादूटोणाविरोधी कायदा साप, विंचू, कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचार घेऊ न देता मंत्रतंत्र करणाऱ्याला गुन्हेगार ठरवतो. त्यामागचं तत्त्व मला इथेही लागू वाटतं. हात ठेवा, पण डॉक्टरांच्या वाटेत हात आडवा घालू नका.

आणि करपणं व नैराश्य यांची सीमारेषा घरी बसून ओळखता येत नाही. सुट्टीतही, आवडत्या माणसांतही काहीच नकोसं वाटत असेल, जगण्यात अर्थ उरला नाही असं मनात येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायलाच हवं. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

*

इतकं सगळं करूनही मी पुन्हा करपलेच असते, जर काम तसंच राहिलं असतं. दुधाला चुलीवरून उतरवून गार केलं आणि परत त्याच आचेवर ठेवलं, तर दुसरं काय होणार?

स्वतःची काळजी घ्या, हा सल्ला आज दर वळणावर मिळतो. ऑक्सफर्डमधले संशोधक विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ध्यानाचे वर्ग, झोपेची ॲप, ताण सोसण्याचं प्रशिक्षण अशा कंपन्यांनी दिलेल्या सोयींत भाग घेणारे लोक, न घेणाऱ्यांपेक्षा बरे आहेत असं दिसलं नाही. अपवाद एकाच गोष्टीचा निघाला. ज्यांना स्वयंसेवेची, दुसऱ्यांच्या उपयोगी पडण्याची संधी मिळाली, ते थोडे बरे होते. हे वाचताना मला पटांगणातली ती मुलगी आठवली.

मास्लाक आणि त्यांचे सहकारी मायकेल लायटर यांनी माणूस आणि काम यांचं जुळत नाही अशा सहा जागा सांगितल्या आहेत: कामाचा बोजा, कामावरचा स्वतःचा ताबा, मोबदला, सोबतीची माणसं, न्याय आणि मूल्यं. मी एका रविवारी ही यादी वहीत लिहिली आणि प्रत्येकापुढे खरं उत्तर लिहिलं. बोजा जास्त होता, पण त्याहून जास्त सलत होता तो न्याय. पंधरा वर्षं रात्रपाळी माझ्याच वाट्याला का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सुमारे सत्तर हजार आशा सेविकांनी न्यायाचाच प्रश्न विचारला होता. करोनात दारोदार फिरून त्यांनी तापाची नोंद ठेवली, विलगीकरणातल्यांची चौकशी केली. त्यांच्या नावात 'स्वयंसेविका' आहे म्हणून त्यांना पगार नाही, मानधन मिळतं. १५ जूनला त्या संपावर गेल्या आणि आठवडाभराने हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता पदरात पाडून घेतला. पुढच्या वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला. हजार रुपये ही रक्कम लहान आहे. पण थकलेल्या माणसाने एकट्याने उशीत तोंड खुपसण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून रस्त्यावर बसणं, हीसुद्धा स्वतःची काळजीच आहे. इतकी वर्षं ती आपण त्या नावाने ओळखली नाही.

मीही बोलले. आधी भावाशी. शनिवार-रविवार आईचं तू बघायचं, एवढं म्हणायला मला तीन वर्षं लागली. तो लगेच हो म्हणाला, आणि मी इतके दिवस का थांबले याचं मला वाईट वाटलं. मग वरिष्ठांशी. रात्रपाळी महिन्यातून दोन आठवड्यांवर आली, पगार थोडा कमी झाला. दुपारी आईसाठी एक मदतनीस बाई येऊ लागली. तिच्याशी तिच्या सुट्टीचे दिवस पहिल्याच दिवशी ठरवून घेतले. रोज संध्याकाळी वीस मिनिटं मी संथ श्वास घेत बसते. महिन्यातून दोन रविवार मावशीकडे जाते. तिथे आता मी झोपते कमी, दुसऱ्यांच्या कपाळावर हात ठेवते जास्त. त्यातून काही वाहतं का, मला माहीत नाही. हात ठेवला की समोरच्याचा श्वास थोड्या वेळाने लांबतो, एवढं हाताला कळतं.

बरं व्हायला सात-आठ महिने गेले. एक दिवस दुष्काळी भागातल्या एका मुलीची बातमी संपादित करताना माझे डोळे भरून आले, तेव्हा मला कळलं की मी परत आले आहे.

*

गेल्या नरकचतुर्दशीला मावशी आमच्याकडे होती. पहाटे पाचला मी आईला खुर्चीत बसवलं, तिच्या केसांना तेल लावलं. मग मावशीला म्हटलं, तू बस पाटावर. ती नको नको म्हणाली. तिला अभ्यंग घालणारं कुणी उरलंच नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. आजी जाऊन तीस वर्षं झाली होती आणि मावशीने लग्न केलं नव्हतं. इतक्या रात्रपाळ्या, इतके रुग्ण, इतक्यांच्या कपाळावर ठेवलेला तो हात, आणि तिच्या डोक्यावर कुणाचाच नाही.

मी वाटी उचलली तेवढ्यात आईने डावा हात पुढे केला. आजारपणानंतर तिचं बोलणं अडखळतं. तिने एकच शब्द उच्चारला, "मी."

मी पाट खुर्चीच्या पुढ्यात सरकवला. मावशी मुकाट्याने बसली. आईने बोटं तेलात बुडवली आणि धाकट्या बहिणीच्या पांढऱ्या केसांतून तो एकच चालता हात हळूहळू फिरवू लागली. तेल मावशीच्या कानामागून ओघळून मानेवर आलं, मी ते पदराने टिपलं. बाहेर कुणीतरी पहिली फुलबाजी लावली होती. मावशीने डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, "ताई, सावकाश. मला काही घाई नाही."